थराचे गणित : धातूंवर ऑक्साइड कसे वाढते

विदर्भात ‘गंज’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. लोखंडावर चढणारा तांबूस मळ म्हणजे गंज, आणि चुलीवर चढवायचे उभे भांडे म्हणजेही गंज. शब्दांची कुळे वेगळी असतील, पण धातूचे भांडे आणि त्याच्यावर चढणारा थर यांचे नाते इतके जवळचे आहे की हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. भंडारा जिल्ह्यात तर तो अधिकच अर्थपूर्ण ठरतो. भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. गावाचे नाव ‘भाना’, म्हणजे पितळी ताट, यावरून पडले अशी जुनी लोकसमजूत आहे. बाराव्या शतकाच्या आरंभीच्या जाजल्लदेवाच्या रतनपूर शिलालेखात ‘भाणार’ हे प्रदेशनाम येते. या जिल्ह्यातल्या घराघरांत गुंड, कोपर, गंगाळ, घागर पिढ्यानपिढ्या वापरात राहिली, आणि ती लख्ख ठेवणे हे रोजचे काम राहिले. लख्ख भांडे दोन दिवसांत मंद का होते आणि मंद झाल्यावर तेच भांडे वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच का राहते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. धातूंवर ऑक्साइडचा थर कसा वाढतो याची उपपत्ती याच प्रश्नाचे उत्तर देते. पुढच्या प्रकरणांत तिचे तपशील आणि समीकरणे येतील. त्याआधी ज्या विचारावर ती उभी आहे तो इथे मांडतो : धातू किती टिकेल हे त्याला ऑक्सिजनची ओढ किती आहे यावरून ठरत नाही, त्याच्या अंगावर चढलेल्या थरातून आरपार जायला किती वाट मिळते, यावरून ठरते.

हवा धातूला खाते, असे आपण सहज म्हणतो. या बोलण्यात हवा बलवान आणि धातू दुबळा ठरतो, आणि टिकाऊ धातू म्हणजे ज्याला ऑक्सिजनचे आकर्षण कमी तो, असा निष्कर्ष आपोआप निघतो. हा निष्कर्ष तपासून पाहू. बहुतेक धातू जमिनीत सुटे सापडत नाहीत, संयुगांच्या रूपात सापडतात. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघणारे मँगनीज डायऑक्साइडच्या रूपात असते, आणि बॅटरीच्या कोरड्या घटांसाठी ते त्याच रूपात उपयोगी पडते. अशा खनिजातून धातू वेगळा करायचा तर भट्टी पेटवावी लागते. वेगळा झालेला धातू पुन्हा ऑक्सिजनकडे जाऊ पाहतो. ही ओढ मोजता येते. ऑक्सिजनच्या दर मोल अणूंमागे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड बनताना सुमारे ५५९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, लोखंडाचे तांबडे ऑक्साइड बनताना सुमारे २७५ आणि तांब्याचे क्युप्रस ऑक्साइड बनताना सुमारे १६९. ओढच निर्णायक असती तर ॲल्युमिनियमचे पातेले सर्वांत आधी पूड होऊन गेले असते आणि लोखंड त्याच्यापेक्षा पुष्कळ टिकले असते. प्रत्यक्षात उघड्यावर ठेवलेले लोखंड एका पावसाळ्यात तांबूस होते आणि ॲल्युमिनियमचे पातेले पिढी काढते. ओढ प्रक्रियेची दिशा सांगते, वेग सांगत नाही. वेगाचे उत्तर दुसरीकडे शोधावे लागते, आणि ते धातू व हवा यांच्या मध्ये आहे.

मध्ये काहीतरी आहे हा तर्क जुना आहे. १८३६ साली शोनबाइन यांनी मायकेल फॅरडे यांना लोखंडाचे एक विचित्र वर्तन कळवले. सौम्य नत्राम्लात लोखंड खदखदत विरघळते, पण तीव्र नत्राम्लात बुडवले तर शांत राहते. इतकेच नव्हे, तर त्यानंतर सौम्य आम्लातही काही काळ शांतच राहते. लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनमुळे एक आवरण आले असावे, असा फॅरडे यांचा तर्क होता. डोळ्यांना मात्र काही दिसत नव्हते, आणि न दिसणाऱ्या थराला कारण ठरवणे अनेकांना पटले नाही. तो थर लोखंडापासून सोडवून वेगळा काढून दाखवण्याचे काम केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी १९२७ मध्ये केले. म्हणजे तर्क आणि पुरावा यांच्यामध्ये नव्वद वर्षे गेली. आपल्याकडच्या कारागिरांना मात्र थराची ओळख हातातून झाली होती. कल्हई करणारा भांडे तापवतो, त्यात नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो आणि मग कथील सरसर पसरते. तापलेल्या नवसागरातून निघणारा आम्लाचा वायू तांब्या-पितळेवरचे ऑक्साइड काढून टाकतो. ते निघाले नाही तर कथील धातूला धरत नाही, गोळ्या होऊन फिरत राहते. छिन्नीला पाणी दिल्यानंतर ती पुन्हा मंद तापवणारा लोहार तिच्यावर उमटणारे रंग पाहतो : आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा. हे रंग कुठल्या रंगद्रव्याचे नसतात. काही दशक नॅनोमीटर जाडीच्या थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून ते उमटतात. लोहार खरे तर थराची जाडी वाचत असतो.

या रंगांवरूनच जाडी मोजायची युक्ती गुस्टाव टामान यांनी केली. चांदीवर आयोडीनच्या वाफेत चढणारा थर काळाबरोबर कसा वाढतो हे त्यांनी रंग पाहून नोंदले आणि १९२० मध्ये एक साधा नियम मांडला : जाडीचा वर्ग काळाच्या प्रमाणात वाढतो. १९२३ मध्ये पिलिंग आणि बेडवर्थ यांना तापलेल्या धातूंच्या ऑक्सिडीकरणातही तोच नियम दिसला. त्याचा अर्थ आकड्यांत पाहावा. पहिल्या तासात थर एक एकक झाला, तर दोन एकके व्हायला एकूण चार तास लागतील, तीन व्हायला नऊ, दहा व्हायला शंभर. थर जितका जाड, तितकी पुढची वाढ मंद. असे का व्हावे? एकदा थर बसला की धातू आणि ऑक्सिजन यांची समोरासमोर गाठ पडत नाही. एकाला थर ओलांडून दुसऱ्याकडे जावे लागते, आणि वाट जितकी लांब तितका प्रवास हळू. वाढच वाढीला आवर घालते. म्हणून थराला नुसता मळ म्हणणे अपुरे आहे. तो धातूच्याच अंशातून उभी राहणारी भिंत आहे; ती जसजशी उंचावते तसतसा तिला लागणारा माल दुर्मीळ होतो.

पण भिंतीतून नेमके काय जाते? वाटेल ते जात असेल तर नियम असूनही उपपत्ती नाही. इथे कार्ल वागनर यांचे १९३३चे काम निर्णायक ठरले. त्यांचे प्रतिपादन असे, की घट्ट थरातून ऑक्सिजनचे रेणू झिरपत नाहीत. आयन आणि इलेक्ट्रॉन वेगवेगळे प्रवास करतात, आणि दोघांचे मिळून विद्युतभाराचे खाते जुळावे लागते. ऑक्साइडच्या स्फटिकात काही जागा रिकाम्या असतात, काही ठिकाणी जादा अणू अडकलेले असतात. हा प्रवास या दोषांच्या आधाराने होतो. तांब्याच्या ऑक्साइडमध्ये तांब्याच्या काही जागा रिकाम्या असतात, आणि तांब्याचे आयन त्या रिकाम्या जागांतून एकेक पाऊल टाकत बाहेर येतात. जस्ताच्या ऑक्साइडमध्ये उलट, जस्त किंचित जादा असते. म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणातून बनणाऱ्या पितळेच्या अंगावर दोन वेगळ्या स्वभावांची ऑक्साइडे स्पर्धा करत असतात, आणि जस्ताचे प्रमाण पुरेसे असेल तर तापवताना जस्ताचे ऑक्साइड वरचढ ठरते. प्रवास कोणत्या दिशेने होतो याचाही पुरावा आहे. १९२९ मध्ये फाइल यांनी लोखंडावर क्रोमियम ऑक्साइडच्या हिरव्या लेपाची खूण करून ते तापवले. नंतर ती खूण थराच्या आत गाडलेली सापडली. नवा थर खुणेच्या वर रचला गेला होता. हवा आत शिरण्यापेक्षा लोखंडच बाहेर येत होते.

वागनर यांच्या उपपत्तीची खरी कसोटी एका भाकितात आहे, आणि ते भाकीत जस्तावर तपासले गेले, ही पितळेच्या मुलखातल्या वाचकाला विशेष जवळची गोष्ट. जस्तात अगदी थोडे ॲल्युमिनियम मिसळले तर ऑक्साइडमधल्या जादा जस्त-आयनांची संख्या घटायला हवी, म्हणजे थराची वाढ मंदावायला हवी. थोडे लिथियम मिसळले तर उलट व्हायला हवे. ओढीचा विचार केला तर हे कोडेच आहे, कारण ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ जस्तापेक्षा जास्त. १९५०च्या सुमारास जर्मनीत कार्ल हाउफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत नेमके हेच आढळले : ॲल्युमिनियमने वाढीचा वेग कित्येक पटींनी उतरला, लिथियमने कित्येक पटींनी चढला. मिसळलेल्या धातूचे प्रमाण नगण्य होते, आणि बदलली होती ती वाट. त्याआधी १९३८ मध्ये वागनर आणि ग्रुनेवाल्ड यांनी १००० अंश सेल्सिअसला तांब्यावर चढणाऱ्या थराचा वेग ऑक्साइडच्या विद्युतवाहकतेच्या मोजमापावरून गणिताने काढला होता, आणि तो प्रत्यक्ष वेगाशी जवळजवळ जुळला होता. एका ठिकाणी विजेचे मोजमाप करून दुसऱ्या ठिकाणचा गंज सांगता यावा, यापेक्षा चांगला पुरावा उपपत्तीला क्वचितच मिळतो.

वागनर यांचे चित्र तापलेल्या धातूला लागू पडते, कारण तिथे आयनांना हलायला उष्णता बळ देते. देवघरातले निरांजन तर थंड असते. सामान्य तापमानाला आयन जागचे हलणे जवळजवळ अशक्य, तरीही घासलेल्या धातूवर क्षणात थर येतो आणि मग जवळजवळ थांबतो. या कोड्याचे उत्तर निकोलास काब्रेरा आणि नेव्हिल मॉट यांनी १९४८-४९च्या सुमारास ब्रिस्टल येथे दिले. थर काही नॅनोमीटरचाच असताना धातूतले इलेक्ट्रॉन त्यातून सहज पार होतात आणि पृष्ठभागावर बसलेल्या ऑक्सिजनला ऋणभार देतात. थराच्या दोन बाजूंत सुमारे एका व्होल्टचा फरक पडतो. एक व्होल्ट म्हणजे टॉर्चच्या एका सेलपेक्षाही कमी. पण अंतर एक-दोन नॅनोमीटरचे असल्यामुळे दर मीटरला शंभर कोटी व्होल्टच्या आसपास भरेल इतके प्रचंड विद्युतक्षेत्र तयार होते. ते आयनांना ओढून बाहेर काढते. थर जाड झाला की तोच एक व्होल्ट जास्त अंतरावर विभागला जातो, ओढ निमते आणि वाढ थिजते. ॲल्युमिनियमवरचा थर हवेत दोन ते चार नॅनोमीटरवर थांबतो तो यामुळे. ज्या स्टेनलेस स्टीलने घरोघरच्या पितळी भांड्यांची जागा घेतली त्याचे रहस्यही याच जातीचे आहे. किमतीसारखी इतर कारणे आहेतच. पण ज्याला कल्हई लागत नाही आणि जे काळवंडत नाही असे ते भांडे क्रोमियमच्या ऑक्साइडच्या काही नॅनोमीटर थरावर उभे आहे. पितळनगरीच्या धंद्याला वळण लावणाऱ्या कारणांत डोळ्यांना न दिसणारा एक थर आहे, ही गोष्ट या विषयाचे महत्त्व पटवायला पुरेशी आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा, की ही भिंत नेहमी सलग राहते हे गृहीतच आहे. खरे थर तडकतात, सुटतात, पापुद्र्यांनी गळतात. आक्षेप बरोबर आहे, आणि पिलिंग व बेडवर्थ यांनीच त्याला पहिला हात घातला. बनलेल्या ऑक्साइडचे आकारमान खपलेल्या धातूच्या किती पट, हे त्यांनी काढले. मॅग्नेशियमसाठी ते सुमारे ०.८१ येते, म्हणजे कापड अपुरे पडून अंग उघडे राहते, ॲल्युमिनियमसाठी १.२८, तांब्यासाठी सुमारे १.६४. हे गुणोत्तर अंदाज देते, निकाल देत नाही, कारण थर आतल्या बाजूला वाढतो की बाहेरच्या, यावर ताण अवलंबून असतो. वरठीच्या सनफ्लॅगसारख्या पोलाद कारखान्यात लाल तापलेल्या पोलादावर चढणारे स्केल याचे उत्तम उदाहरण आहे. ५७० अंशांच्या वर त्यात तीन मजले असतात : धातूला लागून फेरस ऑक्साइड, त्यावर मॅग्नेटाइट, सर्वांत वर हेमॅटाइट, आणि १००० अंशांना जाडीचे प्रमाण जवळपास ९५, ४ आणि १ असे भरते. तळमजला सर्वांत जाड असण्याचे कारण उपपत्तीच सांगते : फेरस ऑक्साइडमध्ये रिकाम्या जागा पुष्कळ, म्हणून वाट प्रशस्त. थंड होताना स्केल तडकते हे खरे, पण तडकणे समजण्यासाठीही ते कोणत्या मजल्यावर किती वाढले हे आधी कळावे लागते. भिंत का पडली हे सांगायला भिंत कशी उभी राहते हे ठाऊक हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांच्या जिल्ह्यात धातू कोरड्या हवेत राहतोच कुठे? पाणी आले की गंजाची रीत बदलते. एका जागी धातू विरघळतो, दुसऱ्या जागी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो, आणि तांबूस गंज भलतीकडेच साचतो. तो पोकळ असतो, अडवत नाही. मग कोरड्या थराची उपपत्ती इथे काय कामाची? माझे उत्तर असे, की पाण्याने प्रश्न बदलत नाही, थराची कसोटी कडक होते. स्वयंपाकघरात याचे उदाहरण रोजचे आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवलेले ताक कळकते, तेच भांडे पिण्याच्या पाण्याला चालते. आम्ल थर विरघळवते, धातू उघडा पडतो आणि तांबे अन्नात उतरते. साध्या पाण्यात थर टिकतो. ‘कळकणे’ हे क्रियापद ज्या भाषेने घडवले तिने थर असणे आणि नसणे यांतला फरक अचूक ओळखला होता. ओल्या जमिनीतही थर काय करू शकतो याची साक्ष शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मिळाली. १८७० मध्ये गुंगेरिया येथे तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीच्या १०२ चकत्या जमिनीतून निघाल्या. हा ठेवा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला मानतात. इतक्या पावसाळ्यांनंतरही कुऱ्हाडीचा आकार कुऱ्हाडीचाच राहिला.

तिसरा आक्षेप पद्धतीचा आहे. वर्गाचा नियम, लॉगॅरिदमचा नियम, सरळ रेषेचा नियम असे अनेक नियम हाताशी असले की कोणत्याही निरीक्षणाला एखादा बसवता येतोच. याला उपपत्ती म्हणायचे की वक्ररेषांची निवड? केवळ वक्र बसवण्यावर समाधान मानले तर हा आरोप खरा ठरतो. पातळ थरांच्या बाबतीत एकच आकडेवारी दोन वेगळ्या नियमांत बसल्याची उदाहरणे आहेत. म्हणूनच वर मी वक्रांवर भर दिला नाही. लिथियमने वेग वाढेल असे आधी सांगणे, वाहकतेवरून वेग काढणे, गाडल्या गेलेल्या खुणेने दिशा ठरवणे, हे वक्रांच्या पलीकडचे पुरावे आहेत. आणि नियम अनेक असले तरी त्यांच्यामागचा प्रश्न एकच राहतो : थर ओलांडताना सर्वांत हळू कोण चालतो? पृष्ठभागावरची प्रक्रिया हळू असेल तर सरळ रेषा मिळते, थरातला प्रवास हळू असेल तर वर्गाचा नियम मिळतो. १९६५ मध्ये डील आणि ग्रोव्ह यांनी सिलिकॉनवरच्या ऑक्साइडसाठी या दोन्ही पायऱ्या एकाच समीकरणात जोडल्या, आणि इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्यांनी तेच समीकरण रोजच्या वापरात आणले.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा : ज्याला भांडी घडवायची किंवा वापरायची आहेत त्याला याचा उपयोग काय? वर्गाचाच नियम घेऊन हिशेब करू. एक भांडे शंभर दिवस न घासता ठेवले आणि पहिल्या दिवशी थर एक एकक झाला, तर शंभराव्या दिवशी तो दहा एकके होईल. तेच भांडे रोज लख्ख घासले तर रोज एक एकक नवा थर चढेल आणि रोज निघेल. शंभर दिवसांत शंभर एककांइतका धातू खर्ची पडेल. घासणारा हात दर वेळी वाढीला तिच्या सर्वांत वेगवान टप्प्यावर परत नेतो. साध्या तापमानाला वाढ वर्गाच्या नियमापेक्षाही लवकर थिजते, त्यामुळे हा फरक प्रत्यक्षात आणखी मोठा असतो. भट्टीतही हाच हिशेब आहे. ठोके देऊन कडक झालेले पितळ नरम करायला कारागीर ते पुन्हापुन्हा तापवतो आणि काळवंडलेला थर तेजाबात काढतो. दर खेपेला धातूचा थोडा अंश तेजाबात जातो. किती ठोक्यांनंतर तापवायचे, किती वेळ तापवायचे, हे ठरवणे म्हणजे या खर्चाचे व्यवस्थापन आहे. भांडी घासू नयेत, असा याचा अर्थ नाही. अन्नाच्या भांड्यात कळक नको आणि देवापुढची समई उजळ हवी, ही मागणी योग्यच आहे. फक्त ती उजळी कशाच्या मोबदल्यात मिळते हे माहीत असावे.

पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने हे एक सूत्र हाताशी ठेवावे. आधी पातळ थर, मग जाड थर, मग मिश्रधातू, मग तडे आणि पाणी असा क्रम ठेवला आहे. प्रत्येक ठिकाणी समीकरण बदलेल, पण विचारायचा प्रश्न तोच राहील : मध्ये काय आहे, आणि त्यातून कोण, किती सहज, पलीकडे जातो? भंडाऱ्याच्या कारागिराने हा प्रश्न नवसागराच्या धुरात आणि तेजाबाच्या कुंडात हाताने सोडवला. गेल्या शतकातल्या संशोधकांनी तो रिकाम्या जागा आणि विद्युतक्षेत्र यांच्या भाषेत मांडला. दोन्ही ज्ञाने एकाच थराविषयी आहेत. ती एकमेकांना ओळखतील तर पितळेचा धंदाही समृद्ध होईल आणि आपली विज्ञानाची भाषाही.